दमाची उधारी

बी.कॉम. झालेल्या माणसानं खेळावर लिहू नये, असा काही कायदा नाही. असता तर मी तो आनंदानं पाळला असता. कारण माझा आणि मैदानाचा संबंध आयुष्यात दोनदाच आला. पहिल्यांदा शाळेत, खो-खोच्या खांबावर आपटून समोरचा दात पडला तेव्हा; आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, आमची कन्या बास्केटबॉल खेळू लागली तेव्हा. पहिल्या वेळी नुकसान दाताचं झालं, दुसऱ्या वेळी अब्रूचं.

कन्येचं वय १४, इयत्ता नववी. उंची आईएवढी झालेली आणि माझ्याएवढी होण्याच्या बेतात. (माझी उंची हा काही फार लांबचा पल्ला नव्हे.) एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "बाबा, मला टीममध्ये घेतलं!"

"कुठल्या?"

"बास्केटबॉलच्या."

घरात क्षणभर शांतता पसरली. आमच्या घराण्यात टोपलीत चेंडू टाकण्याची परंपरा नाही. टोपलीत आम्ही फार तर भाजी टाकतो, तीही भाव करून.

सौ. म्हणाली, "बाप्पा! धक्काबुक्की होते म्हणे त्या खेळात."

शेजारचे अण्णा कुंपणावरूनच म्हणाले, "पोरीच्या जातीला झेपते का हो एवढं धावणं?"

मी काहीच म्हणालो नाही. बँकेत बावीस वर्षं काउंटरवर काढलेला माणूस एकदम हो म्हणत नाही आणि एकदम नाहीही म्हणत नाही. तो म्हणतो, 'कागदपत्रं बघू.' तसं मी या प्रकरणाची कागदपत्रं काढून वाचली.

हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकानं १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी शोधून काढला. बाहेर थंडी, आत १८ दांडगे विद्यार्थी, आणि त्यांना गुंतवायला काम नाही. नेस्मिथनं शिपायाकडं दोन खोकी मागितली. शिपायाजवळ खोकी नव्हती, म्हणून त्यानं पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. हे वाचून मला गहिवरून आलं. मागितलेली वस्तू नसताना निदान दुसरी आणून देणारा शिपाई हा बँकेच्या दृष्टीनं खेळापेक्षा मोठा शोध आहे. त्या टोपल्यांना बूड होतं, त्यामुळं चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे. पहिला सामना १-० असा सुटला. हा वेग मला व्यक्तिशः पसंत आहे.

पुढं मुलींचं पान होतं. १८९२ त सेंडा बेरेन्सन या बाईंनी स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. पण बायकांना फार दगदग सोसत नाही असं मानणारा तो काळ. म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले आणि जी ज्या भागात उभी, तिनं त्याच भागात राहायचं असा नियम केला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळेच्या मुलींचा असा अर्ध्या-अर्ध्या मैदानाचा खेळ १९९३ पर्यंत टिकून होता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल आला १९३६ साली आणि बायकांचा १९७६ साली. मधली ४० वर्षं 'झेपते का हो?' यातच गेली. म्हणजे आमचे अण्णा एकटे नव्हते. ते जागतिक परंपरेचे पाईक होते.

अण्णांच्या बाजूचं एवढं वजनदार मत पाहून मी ताबडतोब कन्येच्या बाजूनं झालो आणि प्रकरण मंजूर केलं.

पहाटे साडेपाचला सराव. वर्ध्यात उन्हाळ्यात सकाळी नवानंतर मैदानावर फक्त कावळा आणि निवडणुकीचा उमेदवार उभा राहू शकतो. मी कन्येला स्कूटरवर सोडायचो आणि कडेच्या कट्ट्यावर बसून पेंगायचो. कोच जेमतेम पंचविशीचा पोरगा, पण शिट्टी तोंडात घेतली की साठीचा वाटे. एकदा मी त्याला विचारलं, "सर, चेंडू टोपलीत टाकायचा, तर ह्या दंडबैठका कशाला?"

"काका, तुम्ही बँकेत न? मंग तुम्हाले सोप्पं आहे," तो म्हणाला. "हा खेळ म्हणजे एकसारखं पळणं नाही. दर दोन-तीन सेकंदाले काहीतरी बदलते. पळलं, थांबलं, उडी मारली, बाजूले सरकलं, पुन्हा पळलं. मैदान २८ मीटर, रिंग वर ३.०५ मीटर. उडी मारताना शरीर ऑक्सिजनची वाट पाहत बसत नाही. स्नायूत थोडा माल तयार असते, तो वापरते. पण आठ-दहा सेकंदात खल्लास."

"म्हणजे खिशातली चिल्लर."

"बरोब्बर! चिल्लर संपली का शरीर उधार घेते. उधारीवर मिनिट-दोन मिनिटं निघते. मंग पाय जड होते, छाती भात्यासारखी होते. आता ही उधारी फेडते कोण?"

"जामीनदार," मी सवयीनं म्हटलं.

"ऑक्सिजन, काका. फ्री थ्रो चालू आहे, टाइम-आऊट झाला, बॉल बाहेर गेला, तेवढ्या वेळात जिचा दम चांगला तिचा खिसा पुन्हा भरते. जिचा नाही, तिची पुढची उडी अर्धीच. म्हणून ताकदही पाहिजे अन् दमही पाहिजे. दोन वेगवेगळे खाते आहेत."

मी थक्क झालो. आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये कॅश क्रेडिट इतकं स्वच्छ मला कुणी समजावलं नव्हतं. घरी येऊन पुन्हा कागद पाहिले, तर या उधारीला १९२० च्या दशकात ए. व्ही. हिल नावाच्या शास्त्रज्ञानं खरोखरच 'ऑक्सिजनचं कर्ज' असं नाव दिलेलं! १९२२ सालचं नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या माणसाची विचारसरणी आणि माझी एकच निघाली, याचा मी दोन दिवस आनंद मानला. तिसऱ्या दिवशी कळलं की पुढच्या शास्त्रज्ञांनी 'कर्ज' हा शब्द काढून त्याजागी 'व्यायामानंतर लागणारा जादा ऑक्सिजन' असं लांबलचक नाव ठेवलं आहे. याचंही मला नवल वाटलं नाही. आमच्याकडंही बुडीत कर्जाला आता 'अनुत्पादक मालमत्ता' म्हणतात.

अण्णांनी दुसरी हरकत नोंदवली. "वजनं उचलू देऊ नका पोरीले. उंची खुंटते." हे मलाही पटलेलं होतं, कारण मी लहानपणी गव्हाची पोती उचलली होती आणि परिणाम आपण पाहताच आहात. पण कोच म्हणाला, तो गैरसमज आहे. शिकवणारा समोर असेल, वजन बेतानं वाढवलं, तर उंची कमी होत नाही. उलट मांड्या आणि कंबर मजबूत झाली की गुडघे वाचतात. या वयाच्या मुलींच्या गुडघ्याच्या आतला स्नायुबंध उडी मारून खाली येताना दुखावण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. "उडी मारणं सोप्पं आहे काका. उतरणं शिकवावं लागते." कर्जाच्या बाबतीत हेच वाक्य मी शाखेच्या भिंतीवर लावायची सूचना केली. साहेबांनी ती फाईलला लावली.

दोन खाती आहेत म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. मी एक वही आणली, रकाने आखले. डावीकडं ताकद: जोर किती निघाले, भिंतीवर खडूनं खूण करून उभी उडी किती सेंटिमीटर. उजवीकडं दम. दमाची परीक्षा अशी: २० मीटर अंतरावर दोन रेषा. यंत्रातून 'बीप' वाजला की एका रेषेवरून निघायचं आणि पुढचा बीप वाजायच्या आत दुसरी गाठायची. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरनं. मग दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरनं वाढतो. ल्यूक लेजे आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ही परीक्षा १९८२ त मांडली. त्यांची माझी ओळख नाही, हे त्यांच्या दृष्टीनं बरंच आहे.

कारण एका रविवारी कोचनं पालकांनाही त्या रेषेवर उभं केलं. मी पहिलं मिनिट रुबाबात काढलं. दुसऱ्या मिनिटाला बीप माझ्याआधी पोचू लागला. तिसऱ्या मिनिटाला मी मैदानावर आडवा होतो आणि आभाळात पाहून विचार करत होतो, की विम्याचा हप्ता भरला आहे की नाही.

संध्याकाळी अण्णांनी माझा समाचार घेतला. "अहो, कुठल्या जिल्ह्यात राहता? दम म्हणजे वर्ध्याचा! गांधीजी साबरमतीहून दांडीपर्यंत चालले १९३० साली. सुमारे ३८५ किलोमीटर, २४ दिवस. वय साठच्या वर! तो माणूस १९३६ साली इथं शेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आला. विनोबा १९५१ त आपल्या पवनारहून निघाले ते १३ वर्षं पायीच हिंडले. अन् तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायले स्कूटर काढता!"

बोलणं खोटं नव्हतं. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. तिथं मी असंख्य वेळा गेलो आहे, पाहुणे घेऊन, आणि प्रत्येक वेळी पेट्रोल जाळून. ज्या जिल्ह्यात देशानं चालणं शिकावं, त्या जिल्ह्यात मी बसून बावीस वर्षं पगार घेतला होता.

पण माझं सोडा. गोष्ट कन्येची आहे.

पावसाळा सुरू झाला तसा वहीत एक फरक दिसू लागला. डावा रकाना छान वाढत होता. जोर ६ वरून १४ वर गेले. उडी ५ सेंटिमीटरनं वाढली. उजवा रकाना मात्र जूनमध्ये पाचवं मिनिट, जुलैत पाचवंच, आणि ऑगस्टमध्ये चौथं. ताकद वाढतेय आणि दम घटतोय! ताळा जमेना.

मी निदान ठरवून टाकलं: आळस. रक्तातच आहे, कुणाकडून आला हे सांगायला नको. उपाय म्हणून मी तिला रोज संध्याकाळी जादा पळायला लावलं. ती पळायची. तक्रार केली नाही. परत आली की ओसरीच्या पायरीवर बसून राहायची, ओठ पांढुरके. मी वर म्हणायचो, "बघ, गांधीजी साठाव्या वर्षी..." ती मान डोलवायची. हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं, पण हिशेब लिहायचा तर सगळ्या नोंदी आल्या पाहिजेत.

सप्टेंबरात सामना होता. तिसऱ्या भागात कन्या चेंडू घेऊन पळत सुटली, रिंगखाली पोचली आणि उडी मारायच्या ऐवजी हळूच खाली बसली. पडली नाही, बसली. जशी एखादी बाई चुलीपुढं बसते तशी. मैदानात शिट्टी वाजली. मी कट्ट्यावरून धावलो. तेवढंच अंतर मी आयुष्यात बीपच्या आधी गाठलं.

कोचनं तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "काका, ताकद आहे पोरीत. मनही आहे. रक्त तपासून घ्या."

हिमोग्लोबिन ९.४ आलं. या वयाच्या मुलीला निदान १२ हवं.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "फुप्फुसं उत्तम आहेत. पण तिथला ऑक्सिजन स्नायूंपर्यंत नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी आहे."

मला एकदम उलगडा झाला. आमच्या धंद्यात नोटांच्या कोठाराला करन्सी चेस्ट म्हणतात. चेस्ट म्हणजे छातीच. कोठार नोटांनी भरलेलं, इकडं काउंटरवर रांग लागलेली, आणि मधे कॅश नेणाऱ्या गाड्याच कमी! मग काउंटरवरच्या माणसाला कितीही रागवा, तो पैसे आणणार कुठून? मी तीन महिने काउंटरवर ओरडत होतो. बाईंच्या समोरच मी पाठीमागच्या कागदावर हिशेब केला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १६ च्या जागी १२.६. तूट जवळजवळ २२ टक्के. एवढी तूट घेऊन पोर माझ्या हुकमानं पळत होती.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "ही काही एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींत शंभरात ५९ जणींना रक्तक्षय निघाला. त्याच वयाच्या मुलांत ३१. वाढतं वय, दर महिन्याची पाळी, आणि ताटात लोह कमी. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते, ती घेतेस ना गं?"

कन्येनं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. घरी आल्यावर तिच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या खाली ९ निळ्या गोळ्या निघाल्या. "मैत्रिणी म्हणाल्या, मळमळते," ती म्हणाली. एवढी बचत आमच्या घराण्यात आजवर कुणी केली नव्हती.

पण गोळ्यांनी सगळा फरक लागत नव्हता. बँकेत ताळा जमला नाही की जुने लोक सांगतात: दुसऱ्याच्या नोंदी तपासण्याआधी स्वतःच्या तपास. त्या रात्री मी जेवताना प्रथमच ताटाकडं न बघता घराकडं बघितलं. ताटावर मी आणि धाकटे चिरंजीव. कन्या पोळ्या वाढत होती. पालेभाजीचा दुसरा वाढपा माझ्या ताटात पडला, तिसरा चिरंजीवांच्या. आमचं आटोपल्यावर त्या दोघी बसल्या. पातेल्यात भाजीचा रस होता. त्यांनी काय केलं? कोरा चहा केला आणि पोळी चहाबरोबर खाल्ली. 'लवकर होते' म्हणून. अन् डॉक्टरीणबाई सकाळीच सांगत होत्या की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

मी आठवू लागलो. अकरा वर्षांची होईपर्यंत कन्या माझ्या पंगतीत होती, माझ्या डाव्या हाताला. मग 'मोठी झाली' आणि आईच्या पंगतीत गेली. बदलीचा हुकूम कुणी काढला ते आठवेना. सही मात्र माझीच असणार, कारण हरकत मी घेतली नव्हती. बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले, हे वाचून मी हसलो होतो. आमच्या घरात दोनच होते.

दुसऱ्या दिवशी मी सौ.ला म्हटलं, "चल, तुझंही रक्त तपासू."

"माझं काय तपासायचं? मी कुठं बास्केटबॉल खेळते?"

तिचं ८.९ निघालं.

म्हणजे सोळा वर्षं ही बाई पहाटे पाचपासून स्वयंपाकघर ते ओसरी, ओसरी ते मोरी, मोरी ते गच्ची अशा फेऱ्या मारत होती, बीपच्या ऐवजी कुकरच्या शिट्टीवर, आणि ८.९ वर. तिची वही कुणी ठेवली नव्हती. तिला वाटे, दम लागणं हे वयाचं असतं. मला वाटे, ती उगीच चिडते.

त्यानंतर आमच्याकडं नवं परिपत्रक निघालं. चौघांनी एकत्र बसायचं. वाढायची पाळी माझी. चहा जेवणापासून तासभर लांब. गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी. भाजी अंबाडीची असो, चवळईची असो, आधी दोघींच्या ताटात. वर लिंबू, आणि हंगाम आला तशी संत्री, कारण त्यांनी लोह चांगलं मुरतं. आमच्या जिल्ह्यात कारंजा-आष्टीकडं बागाच्या बागा. इतकी वर्षं आम्ही ती पाहुण्यांना पेटीनं पाठवत होतो. सुरुवातीला सौ.ला माझ्या हातचं वाढून घेताना संकोच वाटे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, वरणात पळी खालून फिरवावी लागते. वरचं पाणी काय वाढता?" तेव्हा मी ओळखलं, गोळी लागू पडतेय.

तीन महिन्यांनी कन्या ११.९, सौ. ११. वहीच्या उजव्या रकान्यात सातवं मिनिट. जानेवारीत सामना झाला. चारही भाग कन्या मैदानावर होती. शेवटच्या मिनिटाला तिनं चेंडू टाकला, तो रिंगवरून दोनदा फिरला आणि बाहेर पडला. आम्ही दोन गुणांनी हरलो. पण घरी येताना स्कूटरवर ती माझ्या कानाशी सलग पंधरा मिनिटं पंचांविरुद्ध बोलत होती, एकदाही श्वास न घेता. मी अमाप खूश झालो.

गेल्या रविवारी सौ.नंच सूचना मांडली, "चला, सेवाग्रामला पायी जाऊ." मी स्कूटरच्या किल्लीकडं पाहिलं. तिनं ती उचलून फडताळात ठेवली. निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत मी पुढं होतो. दोन किलोमीटरवर बरोबरीनं. तिसऱ्या किलोमीटरला एक मोरी लागली, तिच्या कठड्यावर मी अंमळ टेकलो. मायलेकी बोलत बोलत पुढं चालल्या होत्या, वेग जराही न बदलता. चिरंजीवही त्यांच्या मागं पळाले. त्या पार वळणापर्यंत गेल्या तेव्हा कन्या मागं वळली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली,

"बाबा, बीप!"